उजव्या हाताची खोळ

आमच्या मामंजींना सगळं शहर ‘मोरीवाले मिस्त्री’ म्हणायचं, आणि त्या नावाने हाक आली की मामंजी ऐकूच आलं नाही असं दाखवून पुढे चालायचे. हाक मारणाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता. सार्वजनिक मोऱ्या, मासळीबाजाराची मागची भिंत, गाडीतळाचं कुंपण आणि मोठ्या नाल्याचा काठ एवढं सगळं त्यांच्या हातावर होतं. निम्मं शहर रोज सकाळी निर्धास्त बसतं ते आपल्या मामंजींच्या भरवशावर, असं मी एकदा सासूबाईंना म्हटलं. त्या हसल्या, पण आधी दार लोटून घेतलं आणि मग हसल्या. मामंजींचे साडू, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान, त्यांना मात्र लोक ‘मनोरेकाका’ म्हणायचे. चौकातला घंटेचा मनोरा त्यांच्या हातावर होता, आणि मामंजींचं सगळं दुखणं तिथेच होतं.

हातावर असणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्याकडे भिंत नुसती बांधून उभी राहत नाही. दगडाला हात कळतो. ज्या गवंड्याने भिंत चढवली त्याने दर थोड्या दिवसांनी तिला उघडा तळवा लावायचा आणि भिंतीने आतून हुंकार द्यायचा. गोष्ट ऐकणारं माणूस मधूनमधून ‘हं’ म्हणतं तसा, बारीक. हुंकार येतोय तोवर चुना धरून असतो, भेगा आपल्या आपण मिटतात. गवंडी म्हातारा झाला की तो आणि नवा माणूस शेजारी शेजारी तळवे लावतात आणि भिंत एकाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर जाते. त्याला हातपालट म्हणतात. ती राहून गेली तर भिंत पोरकी होते, आणि पोरकी भिंत फार दिवस उभी राहत नाही.

हे सगळं गवंडी मंडळ सांभाळतं. कुठली भिंत कुणाच्या हातावर ते मंडळ ठरवतं. नव्या घरात मंडळाने कान लावून पाहिल्याशिवाय कुणी चूल मांडत नाही. दोन शेजाऱ्यांची सामाईक भिंतीवरून जुंपली तर न्याय मंडळाच्या ओसरीवर होतो, आणि नाल्याला पूर आला की मंडळाची माणसं गुडघाभर पाण्यात काठाला तळवे लावून उभी राहतात. नगरसभेत बाकीचे एकमेकांच्या उरावर बसतात, पण मंडळाचा माणूस बोलायला उठला की सगळे गप्प होतात. ज्या छपराखाली भांडायचं ते त्यांच्या हातावर असतं ना.

मंडळाचे नियम पुष्कळ आहेत, पण कडक एकच. दुसऱ्याच्या भिंतीला उघडा तळवा लावायचा नाही. भिंत दोन हातांमध्ये गोंधळते, मग कुणाचंच नीट ऐकत नाही. म्हणून गवंडी घराबाहेर पडला की दोन्ही हातांना कापडी खोळी घालतो, अंगठा वेगळा आणि बाकीची बोटं एकत्र अशा, आणि फक्त स्वतःच्या भिंतीपाशी काढतो. मी शिंप्याची मुलगी. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मामंजींच्या खोळी मीच शिवत आले आहे, म्हणून पुढची गोष्ट मला सांगता येते.

मामंजी दिसायला बुटके, मान जाड, कान मात्र देवाने उरलेल्या मातीतून सढळ हाताने केल्यासारखे. कुठेही गेले की बसण्याआधी बोटाच्या पेराने भिंत टकटकवायचे. पहिल्यांदा आमच्या दुकानात आले तेव्हाही त्यांनी कापडाच्या तागांमागे हात घालून भिंत वाजवली आणि ही कुणाच्या हातावर आहे ते विचारलं. वडिलांनी नाव सांगितलं. मामंजी म्हणाले, “तरीच.” त्या ‘तरीच’चा अर्थ वडील पुढे कित्येक दिवस मला विचारत होते. या घरात आल्यावर मला कळलं की दुसऱ्या कुणाच्याही भिंतीबद्दल मामंजी तेवढंच म्हणतात.

काकांच्या बाबतीत मात्र त्यांचा शब्द आखडत नसे. मावशी आमच्याकडे यायच्या, बहिणीशी चार गोष्टी बोलायच्या, आणि त्या गेल्या की मामंजी त्यातली एकेक गोष्ट उचलून तिचा समाचार घ्यायचे. त्यांच्याकडे खिडकीला निळा पडदा लावला, तर निळा रंग लवकर विटतो. काकांनी मिशी राखली, तर ओठ लपवायला राखली असेल. काकांना मंडळाच्या ओसरीवर पुढची खुर्ची दिली, तर तिथे वारा लागतो, कंबर धरेल. एकदा काका आजारी पडले तेव्हा मामंजींनी दोनदा चौकशी केली आणि ते बरे झाल्याचं कळल्यावर म्हणाले की बरं झालं, पण एवढ्याशा तापाला वैद्य कशाला बोलवायचा. चौकातून जाताना लोक काकांना थांबवून नमस्कार करतात हे तर त्यांच्या डोळ्यांत इतकं खुपायचं, की ते काकांबरोबर चौकातून जाणंच टाळायचे. काही ना काही विसरल्याचं सांगून मागल्या गल्लीने यायचे.

बरं, काका वाईट असते तरी एक वेळ सोपं झालं असतं. ते जरा बढाईखोर होते, मनोऱ्याच्या घंटेचा विषय निघाला की जेवणाचं ताट थंड होईपर्यंत बोलायचे, पण मनाने मोकळे. ओसरीवर मामंजींनाही जागा मिळावी म्हणून त्यांनी एकदा शब्द टाकला होता. मामंजींनी ती जागा नाकारली. उपकाराची खुर्ची टोचते म्हणाले. आणि नंतर त्या खुर्चीवर दुसराच कुणीतरी बसला तेव्हा त्याच्यावरही जळले.

आम्ही काकांकडे जेवायला जायचो तेव्हा मामंजी नेहमी खिडकीकडे पाठ करून बसायचे, कारण खिडकीत मनोरा दिसायचा. सगळ्या शहरात तांबूस दगडाची इमारत ती एवढीच. बाकी सगळं राखी. उन्हं उतरली की मनोरा आतून दिवा लावल्यासारखा दिसतो आणि येणारा-जाणारा मान वर करतो. मोरीकडे पाहून मान वर करणारा माणूस मी तरी अजून बघितलेला नाही.

मामंजींचं म्हणणं असं, की मनोरा मुळात त्यांचाच. ते आणि काका एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले. मनोऱ्याचा वरचा भाग नव्याने चढवायला काढला तेव्हा दोघांनी सारखाच घाम गाळला. शेवटचा दगड बसवायच्या दिवशी उस्तादांनी हातपालटीसाठी हाक मारली, तेव्हा समोर जो होता त्याच्या हातावर मनोरा गेला. समोर काका होते. “मी चुना आणायला गेलो होतो,” मामंजी म्हणायचे. “चुना. कामासाठी गेलो होतो.” हे वाक्य आमच्या घरात मीठ-तेलासारखं रोजचं होतं. आमच्या ह्यांनी लहानपणीच ते इतक्यांदा ऐकलं, की गवंडी न होता सरळ सुतारकाम धरलं. लाकूड कुणाचं ऐकत नाही, मामंजी म्हणाले. ऐकवतही नाही, हे म्हणाले.

सासूबाईंना एकदा मी त्या चुन्याबद्दल विचारलं. त्या परसात कपडे वाळत घालत होत्या. म्हणाल्या, “चुना आमच्या दारात मिळत होता का? त्या दिवशी हे आमच्या गल्लीत उभे होते, मी खिडकीत येते का बघत. मला वाटलं दुपारभर उभा राहिलाय बिचारा, म्हणून मी शेवटी आले.” आणि ओलं पातळ झटकून त्यांनी दोरीवर टाकलं. दोरीचं एक टोक परसातल्या भिंतीत ठोकलेल्या खुंटीला होतं. ती भिंत मामंजींनी लग्न झाल्यावर बांधली, सासूबाईंना मागच्या गल्लीतून कुणी बघू नये म्हणून. कमरेच्या थोडी वरपर्यंत आली आणि सासूबाई म्हणाल्या की पुरे, मला बाहेरचं दिसायला हवं. म्हणून ती तेवढीच राहिली. मंडळाच्या लेखी तिची किंमत शून्य. मामंजींनी तिला खास हात लावल्याचं मी कधी पाहिलं नाही, पण सकाळी किंवा जेवणानंतर चूळ भरताना त्यांचा डावा तळवा आपसूक तिच्यावर टेकलेला असायचा आणि ती बारीकसा हुंकार द्यायची. घरातल्या मांजरासारखं ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

आता खोळीचं. गवंड्याची खोळ बाहेरून मळते, आतून घामट होते. मामंजींची डावी खोळ तशीच असायची. उजवी मात्र धुवायला उलटी केली की आतून तांबडी भुकटी पडायची. पहिल्यांदा मला वाटलं वीट असेल. पण मामंजींच्या कुठल्याच कामात वीट नव्हती. असं महिन्यामागून महिने चाललं. मग एकदा बाजारातून येताना मी मामंजींना चौकात पाहिलं. एकटे होते. चालता चालता त्यांनी उजवी खोळ दातांनी ओढली, मनोऱ्याच्या कोपऱ्याला पटकन तळवा लावला, चटका बसल्यासारखा काढून घेतला आणि खोळ चढवून पुढे गेले. मोरीवाले मिस्त्री कोपऱ्यावरून वळले, एवढंच बाकीच्यांना दिसलं असेल.

मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. म्हणाल्या, लग्न झाल्यापासून चाललंय. हे मनोऱ्यात खोट शोधतात. एखादी पोकळी लागावी, एखादा दगड हलावा, म्हणजे साडूला सांगता येईल की बघ, तुला सांभाळता येत नाही. मी म्हटलं, नियम मोडतो ना पण. सासूबाई म्हणाल्या की त्याही त्यांना तेच सांगून थकल्या, तर ते म्हणतात भिंत मला एका शब्दाने बोललेली नाही, मुकी आहे माझ्यासाठी, मग नियम कुठला मोडला.

आणि हे ते खोटं सांगत नव्हते. जळणारा माणूस ऐकायला थांबत नाही. खोट सापडते का बघायचं आणि पळायचं, एवढंच ते करत आले. भिंतीला बोलायला वेळ लागतो, हे मोऱ्यांच्या बाबतीत त्यांना पक्कं ठाऊक होतं. मनोऱ्याच्या बाबतीत मात्र ते विसरले.

इकडे काकांचं वेगळंच सुरू झालं. मावशी यायच्या त्या गप्प बसायच्या. मग एक दिवस पदर डोळ्यांना लावून त्यांनी सांगितलं, की यांच्या हाताला मनोरा बोलत नाही. आधी हुंकार बारीक झाला, मग कधी येई कधी नाही, आता तळवा लावून दुपार होते तरी काही नाही. बाकीच्या भिंती काकांनी कधीच तरुण गवंड्यांच्या हातावर दिल्या होत्या, मनोरा एकटा ठेवला होता. त्यामुळे ताडून बघायलाही दुसरं काही नव्हतं. काकांनी मनाशी ठरवलं की आपला हात विझला. गवंड्याच्या आयुष्यात हा दिवस येतोच, पण तो एवढ्यात यावा असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी घंटेचा विषय काढणं सोडलं. मिशी खाली आली. मावशी म्हणाल्या, ते रात्री हात उशीखाली घालून झोपतात, जणू गरम ठेवला तर परत येईल.

मामंजींनी हे ऐकलं आणि ताटावरून अर्धवट उठले. मला वाटलं वाईट वाटलं असेल. परसात जाऊन बघितलं तर ते खोळी काढून स्वतःचे तळवे उन्हात उलटसुलट करून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंद म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण दुःख नक्कीच नव्हतं.

काकांनी मंडळासमोर जाऊन हात विझल्याचं सांगितलं. मनोऱ्याला नवा हात हवा झाला. मंडळाने तिघांना बोलावलं, त्यात मामंजीही होते. वयाने तिघांत मोठे, मनोऱ्यावर घाम गाळलेले, डावलता येईना. रीत अशी, की तिघांनी पाळीपाळीने तळवा लावायचा आणि थोरल्या मिस्त्रींनी, म्हणजे मंडळाच्या प्रमुखांनी, शेजारी कान लावून ऐकायचं. परक्या हाताला भिंत बोलत नाहीच. पण गप्प बसण्यातही फरक असतो म्हणतात. एखाद्याच्या हाताखाली भिंत ताठरते, एखाद्याच्या हाताखाली सैल पडते. ज्याच्या हाताखाली सैल, त्याची निवड.

त्या दिवसापर्यंत मामंजींनी घर डोक्यावर घेतलं. मला नव्या खोळी शिवायला लावल्या, पांढऱ्या, कडेला तांबडी शिवण. तांबडी कशाला, मी विचारलं. शोभते, म्हणाले. सासूबाईंनी एकदाच म्हटलं, “अहो, तो हात तुम्ही लावायला नको. बाकी दोघांपैकी कुणाला तरी मिळू दे.” मामंजींना ते इतकं लागलं की ते बोलायचेच थांबले. आपल्या बायकोलासुद्धा साडूचीच काळजी, असं काहीतरी त्यांनी मनात धरलं असावं. सासूबाईंना भीती वेगळीच होती, पण ती ऐकायला ते जागेवर नव्हते.

चौकात सकाळी बरीच माणसं जमली. दुकानं अर्धी उघडी ठेवून दुकानदार पायऱ्यांवर आले होते. काका मनोऱ्याच्या दाराशी उभे होते, रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. पहिल्या गवंड्याने तळवा लावला. काही नाही. थोरल्या मिस्त्रींनी कान काढला, मान हलवली. दुसऱ्याने लावला. थोरले मिस्त्री जरा जास्त वेळ ऐकत राहिले. मामंजींचा रंग उडाला. मग त्यांची पाळी आली. त्यांनी खोळ सावकाश काढली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि आयुष्यात पहिल्यांदा मनोऱ्यावर तळवा टेकवून ठेवला.

आधी कबुतरं उडाली. वरच्या कठड्यावर बसलेली सगळी एकदम. मग पायाखालच्या फरशीतून तो हुंकार आला, बारीक नाही, कुणीतरी लांबून घरी आलेल्या माणसाला दारातच म्हणावं तसा मोठा आणि भरलेला. घंटेला कुणी हात लावला नव्हता, तरी तिची कड किणकिणली. पायरीवरच्या एका बाईने लेकराला उचलून घेतलं. मामंजींनी डोळे मिटले. मी त्यांना इतक्या वर्षांत तसं कधी पाहिलं नव्हतं. चेहरा धुतल्यासारखा झाला होता. आणि मग बहुधा त्यांच्याच लक्षात आलं, कारण डोळे उघडले तेव्हा ते घाबरलेले होते.

परक्या हाताला भिंत बोलत नाही, हे चौकातल्या पोरांनाही माहीत होतं. थोरल्या मिस्त्रींनी भिंतीवरून कान काढला आणि शांतपणे विचारलं, “मिस्त्री, खोळ कधीपासून काढताय?”

मामंजी हात काढायला गेले तर हुंकार आणखी वाढला. ते तसेच उभे राहिले. म्हणाले, “रोज काढतो.”

काका दारापासून पुढे आले. मला वाटलं मारतात आता. पण ते मामंजींकडे बघतच नव्हते. स्वतःचा उजवा तळवा डोळ्यांसमोर धरून ते त्याच्याकडे बघत होते, जणू हरवलेली वस्तू खिशातच सापडली.

“म्हणजे माझा हात मेला नव्हता,” काका म्हणाले.

मंडळाची बैठक तिथेच ओसरीवर बसली. मनोरा आता मामंजींच्याच हातावर राहणार यात वाद नव्हता. ज्याला बोलतो त्याच्यापासून तोडला तर पोरका होईल, आणि सगळ्या शहराच्या डोक्यावर तो उभा आहे. पण नियम नियमच. ज्याची भिंत अशी नेली त्याने नेणाऱ्याच्या हातावरची कुठलीही एक भिंत निवडून घ्यायची. मामंजींना ते शिक्षेसारखं वाटलंच नाही. त्यांनी मनात मोऱ्या, बाजार, गाडीतळ सगळं काकांच्या पदरात टाकून मोकळं केलं असेल. साडूभाऊ आता मोरीवाले मिस्त्री होणार, हा विचार त्यांच्या तोंडावर इतका स्पष्ट होता की मला मान खाली घालावी लागली.

काकांनी वेळ घेतला नाही. म्हणाले, “मला यांच्या परसातली भिंत द्या.”

“ती शहराची नाही,” मामंजी म्हणाले. “ती घरची आहे.”

थोरल्या मिस्त्रींनी विचारलं, तुमच्या हाताला बोलते का? उत्तर काकांनी दिलं. “बोलते. मी तिकडे जेवायला जातो तेव्हा ऐकतो की. मनोऱ्यावरून मला एवढे नमस्कार मिळाले साडूभाऊ, पण असा घरात बसल्या बसल्या हुंकार देणारा दगड माझ्या वाट्याला नव्हता. मी कधी बोललो नाही एवढंच.” आणि त्यांना थोडं हसू आलं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं आमच्याकडे जेवताना काका नेहमी परसाच्या दाराकडे तोंड करून का बसायचे.

हातपालट दुसऱ्या दिवशी झाली. दोघे साडू त्या बुटक्या भिंतीपाशी वाकून उभे राहिले, तळव्याशेजारी तळवा. सासूबाई केर काढायच्या थांबल्या नाहीत. भिंत मामंजींना नेहमीसारखी ‘हं’ म्हणाली, मग हळूहळू गप्प झाली. मामंजी उठले आणि आत जाऊन पाणी प्यायले.

मग काका रोज यायला लागले. सकाळी यायचे, भिंतीला तळवा लावून तिच्याच आडोशाला बसायचे आणि तिच्याशी घंटेच्या गोष्टी बोलायचे. सासूबाई त्यांना चहा द्यायच्या, भावोजी भावोजी करत इकडचं तिकडचं विचारायच्या. त्या इतकं बोलतात हे मलाही नवीन होतं. पुष्कळ दिवस भिंत मुकी होती. एक दिवस मी पीठ मळत होते आणि बाहेर कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. जाऊन पाहिलं तर काका भिंतीला गाल टेकवून रडत होते आणि भिंत त्यांना ‘हं, हं’ करत होती. सासूबाईंनी मला मागे सरायची खूण केली.

मामंजींना आता लोक चौकात थांबवून नमस्कार करतात. कुणी तोंडावर काही बोललं नाही. मनोरा उभा आहे, घंटा वेळेवर वाजते, लोकांना तेवढं पुरतं. ओसरीवर पुढची खुर्चीही मिळाली. वर चढून तळवा लावला की मनोरा सगळ्या अंगाने बोलतो. पण मनोऱ्याच्या वरच्या कठड्यावरून आमचं परस दिसतं. काका बसलेले दिसतात, सासूबाई दोरीवर कपडे घालता घालता हसताना दिसतात. तेवढ्या उंचीवरून ऐकू काही येत नाही. मामंजी घरी आले की विचारतात, आज किती वेळ बसला होता तो? चहा एकदा दिला की दोनदा? तिने काय सांगितलं त्याला? आणि मग म्हणतात, त्या भिंतीची खुंटी सैल झालीय, त्याला सांभाळता येत नाही.

परवा सकाळी मी परसात गेले तर मामंजी चूळ भरत होते. काका अजून यायचे होते. तोंडातलं पाणी टाकायला ते वाकले, आणि सवयीने त्यांचा डावा हात भिंतीकडे गेला. तळवा टेकायला बोटभर अंतर राहिलं होतं. तिथेच तो थांबला. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आत वळून दाराच्या खिळ्याला टांगलेली खोळ काढली, मी शिवलेली, पांढरी, तांबड्या शिवणीची, आणि माझ्या हातात दिली. मी ती मामंजींना नेऊन दिली. स्वतःच्या परसात, स्वतःच्या बायकोसमोर त्यांनी ती हातावर चढवली, आणि मग भिंतीला टेकून उभे राहिले.